गारठलेलें इंजिन कां बंद पडतें?

पौषांतील पहाट. निफाडच्या आसपास द्राक्षांच्या बागांवर धुकें उतरलेलें असतें. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रांत नोंदला जाणारा पारा अशा दिवसांत कधीं कधीं ५ अंशांच्याहि खालीं जातो. अशा पहाटे भाड्याची मोटार चालविणाऱ्या एका चालकाची कल्पना करावी. त्याला सकाळीं सातच्या आंत नाशिकच्या रुग्णालयांत पोंचावयाचें आहे. कारण गाडींत बसावयाच्या आजीबाईंचें रक्त आठवड्यांतून ठरलेल्या दिवशीं यंत्रावर शुद्ध करून घ्यावें लागतें, आणि तेथील पाळी एकदां चुकली कीं ती सहजासहजीं पुन्हां मिळत नाहीं. चालक किल्ली फिरवितो. इंजिन सुरू होतें, आठ-दहा सेकंद थरथरतें आणि बंद पडतें. पुन्हां किल्ली, पुन्हां तेंच. ॲक्सिलरेटर हळूच दाबावा, तर इंजिन शिंकल्यासारखा आवाज करून झोकांड्या खातें. चौथ्या खेपेस तें कसेंबसें तग धरतें. पंधरा मिनिटांनीं मात्र तेंच इंजिन इतकें सुरळीत चालूं लागतें कीं जणूं कांहीं घडलेंच नव्हतें.

दुपारीं गाडी मिस्त्रीकडे जाते. तोंवर इंजिन चांगलें तापलेलें असतें. मिस्त्री बॉनेट उघडतो, रेस देऊन पाहतो आणि म्हणतो, “भाऊ, गाडीला तर कांहींच झालेलें नाहीं.” वैद्यासमोर बसतांच पोटदुखी थांबावी, तसा हा प्रकार. तरीहि कांहीं तरी करावें म्हणून प्लग बदलले जातात. पुढच्या आठवड्यांत बॅटरी बदलली जाते. त्यानंतर पेट्रोलच्या पंपावर संशय येतो. खिशांतील पैसा जातो, दुखणें तसेंच राहतें. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशी ही गत होते. वास्तविक हें दुखणें आपली साक्ष स्वतःच देत असतें. फक्त ती योग्य वेळीं आणि योग्य क्रमानें विचारावी लागते.

प्रथम दोन निरनिराळे रोग वेगळे केले पाहिजेत. इंजिन सुरूच न होणें हा एक रोग आणि सुरू होऊन बंद पडणें हा दुसरा. किल्ली फिरवितांच नुसतें ‘टक्’ असें वाजत असेल किंवा सेल्फ मंदपणें कण्हत असेल, तर बॅटरी, तिच्या तारांचीं टोकें आणि सेल्फ यांचा विचार करावा. थंडींत बॅटरींतील रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून जुनी बॅटरी हिवाळ्यांतच दगा देते. परंतु जें इंजिन सुरू होतें आणि मग बंद पडतें, त्याच्या बाबतींत बॅटरीनें आपलें काम केलेलें असतें, ठिणगी पडलेली असते आणि थोडें तरी पेट्रोल पोंचलेलें असतें. तेव्हां ‘सुरू कां होत नाहीं’ हा येथें प्रश्नच नव्हे. ‘सुरू झाल्यावर त्याचें पोषण कां होत नाहीं’ हा खरा प्रश्न होय.

याचें उत्तर ज्या घरांत अद्याप न्हाणीघरांतला बंब पेटतो, त्या घरांतील मुलालाहि समजेल. बंबांत एकदम जाड ओंडका घातला तर तो पेटत नाहीं. आधीं ढलप्या, चिपाडें, थोडें रॉकेल. मग बारीक लांकडें. आणि निखारे झाल्यावर ओंडका. पेट्रोल हेंहि असेंच अनेक द्रव्यांचें मिश्रण आहे. त्यांतील कांहीं द्रव्यें सुमारें ३५ अंशांवर उकळूं लागतात, तर कांहींना जवळ जवळ २०० अंशांची उष्णता लागते. शिवाय इंजिनांत जळते ती पेट्रोलची वाफ. द्रवरूप पेट्रोल तसेंच्या तसें जळत नाहीं. इंजिन तापलेलें असलें म्हणजे बहुतेक सर्व पेट्रोलची वाफ होते. इंजिन गारठलेलें असतां फक्त ढलप्या पेटतात, म्हणजे हलकीं द्रव्यें तेवढीं वाफ होऊन हवेंत मिसळतात. जड द्रव्यें हवा जाण्याच्या नळीच्या भिंतींना आणि व्हॉल्व्हच्या पाठीला चिकटून राहतात.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. पण गार इंजिनास या मापानें पेट्रोल दिलें, तर ठिणगीपर्यंत पोंचणारी वाफ फारच थोडी असते. मिश्रण विरळ पडतें आणि ज्योत विझते. म्हणून सुरुवातीस नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक पेट्रोल द्यावें लागतें. मिश्रण मुद्दाम गाढें करावें लागतें.

दुसरी अडचण तेलाची. रात्रभर गारठलेलें इंजिन-ऑइल काकवीसारखें घट्ट होतें आणि स्वतःचेच दट्टे व दांडे हलविण्यांत इंजिनाची बरीच शक्ति खर्च होते. तापलेलें इंजिन मिनिटाला ७०० ते ९०० फेऱ्यांवर शांतपणें उभें राहूं शकतें. गार इंजिनास तेवढ्या मंद गतीवर तोल सांभाळतां येत नाहीं. त्याला १२०० ते १५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावें लागतें, आणि त्यासाठीं हवाहि अधिक द्यावी लागते. थोडक्यांत, गार इंजिनाच्या दोन मागण्या असतात: पेट्रोल जास्त आणि हवाहि जास्त, पण पेट्रोल हवेच्या मानानें कांकणभर अधिकच. या दोहोंपैकीं एक जरी पुरी झाली नाहीं, तरी तें बंद पडतें. इंजिन तापलें कीं या दोन्ही मागण्या संपतात. आणि म्हणूनच दुपारीं मिस्त्रीच्या दारांत रोग दिसत नाहीं.

या मागण्या पुरविण्याची पूर्वींची रीति साधी होती. १८९३ मध्यें जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बुरेटर तयार केला, आणि पुढें बहुतेक सर्व मोटारी जवळ जवळ शतकभर त्याच तत्त्वावर चालल्या. त्यांत ‘चोक’ नांवाची एक झडप असे. चालकानें डॅशबोर्डावरील बोंडी ओढली कीं झडप मिटे, हवेची वाट अडे आणि ओढ वाढल्यामुळें पेट्रोल अधिक येई. त्याच ओढीसरशीं एक लहानशी दांडी थ्रॉटल किंचित् उघडून फेऱ्याहि वाढवी. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेल्या. त्या चालविलेल्या जुन्या चालकांच्या हाताला हा चोक इतका सरावलेला होता कीं इंजिनाचा सूर ऐकून ते बोंडी बोटभर आंत सारीत. १९८३ च्या डिसेंबरांत आलेली मारुति ८०० हीसुद्धां आरंभीं कार्बुरेटरवरच चालत असे.

अशी गाडी आजहि कोणी हौसेनें जतन केली असेल, तर तिच्या बाबतींत पहिली तपासणी चोकचीच. एअर फिल्टरचें झांकण काढून, बोंडी ओढल्यावर झडप खरोखरीच पूर्ण मिटते कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहावें. पुष्कळदां तार ढिली झालेली असते आणि झडप अर्धवटच मिटते. झडप ठीक असेल तर फेऱ्या वाढविणारी दांडी, फ्लोटमधील पेट्रोलची पातळी आणि मंद गतीच्या जेटमध्यें अडकलेला कचरा, या क्रमानें पुढें जावें. धुक्याच्या हवेंत आणखी एक गंमत घडते. पेट्रोलची वाफ होतांना तें आजूबाजूची उष्णता शोषून घेतें. त्यामुळें हवा शून्यापेक्षां बऱ्याच वरच्या अंशांवर असली तरी कार्बुरेटरच्या गळ्यांत बर्फ धरूं शकतें. असें इंजिन सुरुवातीस बरें चालतें, कांहीं मैल गेल्यावर गुदमरून बंद पडतें आणि दहा मिनिटें उभें केलें कीं पुन्हां सुरू होतें. कारण तेवढ्यांत इंजिनाच्या ऊबेनें बर्फ वितळून जातें. मिस्त्रीच्या हातीं पुरावा राहत नाहीं!

आजच्या मोटारींत चोकची बोंडी नाहीं. तिचें काम एक लहानसा संगणक करतो. इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यांत एक उष्णतामापक सेन्सर बसविलेला असतो. पाणी गार असतां त्याचा विद्युत्-विरोध जास्त असतो आणि पाणी तापेल तसा तो उतरतो. २० अंशांवर सुमारें अडीच हजार ओहम, तर ९० अंशांच्या आसपास दोन-अडीचशें ओहम, असें त्याचें साधारण प्रमाण असतें. या आंकड्यावरून संगणक इंजिन किती गार आहे तें ओळखतो, इंजेक्टर अधिक वेळ उघडे ठेवून पेट्रोल वाढवितो आणि थ्रॉटलच्या जागीं हवेची वाट रुंद करून फेऱ्या वाढवितो. म्हणजे जुन्या चालकाचा कान आणि हात यांची जागा एका थर्मामीटरनें घेतली आहे. हा थर्मामीटरच खोटें बोलूं लागला तर? पाणी ८ अंशांवर असतां तो ६० अंश सांगूं लागला, तर संगणक बिचारा त्यावर विश्वास ठेवतो, जादा पेट्रोल देत नाहीं आणि इंजिन उपाशी पडतें.

येथें आणखी एक मर्म लक्षांत घ्यावयास हवें. धुराच्या नळींत प्राणवायु मोजणारा दुसरा एक सेन्सर असतो. मिश्रण विरळ झालें कीं तो संगणकास कळवितो आणि संगणक चूक सुधारतो. पण हा सेन्सर सुमारें ३०० अंश तापल्याखेरीज काम करीत नाहीं. तोंपर्यंत संगणक पुस्तकांतील उत्तर पाठ म्हणणाऱ्या मुलाप्रमाणें ठरीव आंकड्यांवर चालतो. आपलें उत्तर चुकलें कीं बरोबर आलें, हें सांगणारा त्याच्याजवळ कोणी नसतो. समजा, हवेच्या नळीचें रबर चिरलें आहे आणि तेथून न मोजलेली हवा आंत शिरत आहे. इंजिन तापल्यावर संगणक ही चूक झांकून टाकतो. गार असतांना तीच चूक उघडी पडते. शिवाय थंडीनें रबर आकसून फट मोठी होते आणि ऊब लागतांच ती मिटते. तेव्हां ‘तापल्यावर गाडी ठीक चालते’ या वाक्याचा अर्थ ‘गाडींत दोष नाहीं’ असा करूं नये. दोषावर पांघरूण पडलें आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आतां तपासणीचा क्रम. नियम एकच: ज्याला पैसा लागत नाहीं तें आधीं, ज्याला थोडा लागतो तें नंतर आणि महागडा भाग सर्वांत शेवटीं.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी आदल्या संध्याकाळींच मिस्त्रीच्या आवारांत ठेवावी आणि तिला पहाटेपर्यंत हात लावूं नये. गार इंजिनाचा रोग गार इंजिनावरच दिसतो. या एका युक्तीनें निम्मे व्यर्थ खर्च टळतात.

दुसरी गोष्ट निरीक्षणाची. ॲक्सिलरेटर किंचित् दाबतांच इंजिन स्थिर होत असेल, तर त्याला मंद गतीची हवा कमी पडत आहे. थ्रॉटलच्या झडपेभोंवतीं साचलेली काजळी किंवा हवा कमीजास्त करणारी लहान झडप, हे पहिले संशयित. काजळी योग्य द्रावणानें पुसून काढणें हें अर्ध्या तासाचें काम आहे. मात्र त्यानंतर कांहीं गाड्यांत संगणकास नवी जागा पुन्हां शिकवावी लागते. उलट, ॲक्सिलरेटर दाबतांच इंजिन शिंकत व अडखळत असेल, तर पेट्रोल कमी पडत आहे. येथें उष्णतामापक, नळीची फट किंवा पेट्रोलचा दाब यांकडे वळावें. धूर काळा असेल आणि पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर पेट्रोल जास्त होत आहे. थंडींत सुरुवातीस निघणारी पांढरी वाफ ही बहुधा नुसतें पाणी असते व ती थोड्या वेळांत नाहींशी होते. ती जात नसेल आणि रेडिएटरचें पाणी रोज उतरत असेल, तर मात्र इंजिनाच्या हेडचें गॅस्केट तपासून घ्यावें.

तिसरी गोष्ट उष्णतामापकाची परीक्षा. हल्लींच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खालीं स्कॅनर जोडण्याची जागा असते. पहाटे इंजिन सुरू करण्यापूर्वीं, नुसती किल्ली फिरवून, पाण्याचें तापमान आणि आंत येणाऱ्या हवेचें तापमान असे दोन आंकडे वाचावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडींत हे दोन्ही आंकडे जवळ जवळ सारखे आणि बाहेरच्या हवेशीं जुळणारे असले पाहिजेत. त्यांत मोठें अंतर दिसलें, तर एकजण खोटें बोलत आहे. या परीक्षेस एक मिनिटहि लागत नाहीं. स्कॅनरवर दोषाचे आंकडेहि दिसतात: पी ०१७१ म्हणजे मिश्रण विरळ, पी ०५०५ म्हणजे मंद गतीच्या योजनेंत बिघाड. परंतु दिवा पेटला नाहीं म्हणून दोष नाहीं, असें मानूं नये. थर्मामीटरनें ६० अंश असें शक्य कोटींतलें खोटें सांगितलें, तर कित्येक गाड्यांचे संगणक तें निमूटपणें मान्य करतात आणि दिवा पेटवीत नाहींत.

चौथी गोष्ट हवेच्या नळ्यांची. इंजिन चालू असतां बारीक ‘स्स’ असा आवाज येतो का, तें ऐकावें. बंद असतां प्रत्येक रबरी नळी वांकवून तिच्या पोटाकडील बाजूस चिरा पाहाव्या. फट शोधण्यासाठीं इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही फवारा मारण्याचा प्रकार कांहींजण करतात. त्यानें आग लागण्याचा संभव असतो, तो करूं नये.

पांचवी गोष्ट दाबाची. किल्ली ‘ऑन’ करतांच पेट्रोलचा पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. असें दोन-तीनदां करून मगच सेल्फ मारावा. एरव्हीं वेळ लावणारें इंजिन यामुळें चटकन् सुरू होऊन टिकलें, तर रात्रींत नळींतला दाब उतरत आहे, हें उघड झालें. यानंतर प्लग काढून पाहावे: कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट टोंक म्हणजे मिश्रण विरळ, ओलें टोंक म्हणजे ठिणगी कमजोर किंवा पेट्रोलचा पूर.

सी. एन. जी. वर चालणाऱ्या टॅक्सींचा येथें वेगळा उल्लेख केला पाहिजे. अशा बहुतेक गाड्या पहाटे पेट्रोलवर सुरू होतात आणि थोड्या तापल्यावर आपोआप गॅसवर जातात. चालक खर्च वांचविण्यासाठीं टांकींत पेट्रोल तळालाच ठेवतात. तें महिनोन् महिने पडून शिळें होतें, त्यांतील हलकीं द्रव्यें उडून जातात आणि इंजेक्टरला चिकटा धरतो. मग गाडी दिवसभर गॅसवर वाऱ्यासारखी धांवते आणि पहाटेचीं पांच मिनिटें तेवढी रडते. अशा गाडीच्या टांकींत ताजें पेट्रोल ठेवणें व आठवड्यांतून कांहीं मैल ती पेट्रोलवर चालविणें, हेंच औषध.

तसेंच इथेनॉलचें. भारतांत २०२५ पर्यंत पेट्रोलमध्यें सुमारें २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गांठली गेली. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलपेक्षां दुपटीहून अधिक उष्णता लागते. आणि त्यांत प्राणवायु अगोदरच असल्यामुळें त्याला हवा कमी पुरते, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठीं जुळविलेल्या जुन्या कार्बुरेटरांत मिश्रण आपोआप विरळ पडतें. ब्राझील देशांत १९७९ पासून निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारी निघाल्या, तेव्हां त्यांत पहाटेच्या आरंभासाठीं पेट्रोलची एक लहान टांकी वेगळी ठेवावी लागे. आपल्याकडील थंडी तेवढी व्यवस्था मागत नाहीं. पण महिनाभर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीस मिश्र इंधन आणि ओलसर हवा हा योग मानवत नाहीं.

या सर्व खटाटोपाचें कारण केवळ सोय एवढेंच नाहीं. बंद पडणारें इंजिन अंगणांत बंद पडलें तर वेळ जातो. कसाऱ्याच्या घाटांत पडलें तर जीवाशीं गांठ असते. ब्रेकला मदत करणारी ओढ इंजिनाकडूनच येते. इंजिन बंद होतांच एक-दोनदां ब्रेक हलका लागतो, मग तो दगडासारखा घट्ट होतो. स्टिअरिंगहि जड होतें. अशा वेळीं ब्रेक पुन्हां पुन्हां सोडूं नये, दोन्ही पायांचा जोर देऊन एकदांच दाबून धरावा, आणि चाकें थांबेपर्यंत किल्ली काढूं नये, नाहीं तर स्टिअरिंगला कुलूप बसतें. तसेंच, बंद गॅरेजमध्यें इंजिन तापवीत बसूं नये. गाढ्या मिश्रणाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु भरपूर असतो. त्याला वास नसतो, आणि तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. निर्दोष गाडी अर्धें-एक मिनिट चालू ठेवून हळूहळू हांकावयास लागणें, हेंच तिला तापविण्याचें उत्तम साधन. वारंवार सेल्फ मारीत राहिल्यानें न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुवून काढतें आणि धुराच्या नळींतील महागडें शुद्धियंत्रहि जाळतें.

निफाडकडील त्या चालकानें, कोणाच्या तरी सल्ल्यानें, एका रात्रीं गाडी मिस्त्रीच्या आवारांत ठेवली, असें समजावें. पहाटे साडेपांचला दोघे शालींत गुरफटून तिच्याजवळ उभे राहतात. स्कॅनर जोडला जातो. आंत येणारी हवा ८ अंश. पाणी ६२ अंश. मिस्त्री क्षणभर आंकड्याकडे पाहतो आणि गार पडलेल्या इंजिनावर हात ठेवून म्हणतो, “हें बघा भाऊ, हें कुठें तापलंय?” सेन्सर बदलावयास फार वेळ लागत नाहीं, आणि त्याची किंमत त्याआधीं बदललेल्या बॅटरीच्या मानानें अगदींच थोडी असते. दुसऱ्या पहाटे किल्ली एकदांच फिरते. गाडी वेळेवर निघते, आणि मागच्या बैठकीवर आजीबाई पांघरूण सावरून बसलेल्या असतात.